पर्यायी निवास, साठ दिवस

वरच्या मजल्यावरचं कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलं होतं, आणि त्यांच्या बाथरूममधला गीझर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फुटला. बंद घरात पाणी वाहत राहिलं, फरशीतून झिरपलं, आणि दहाच्या सुमाराला हेमचंद्र टिपणिसांच्या हॉलचं छत एका बाजूनं पोट सुटल्यासारखं खाली आलं. ते तेव्हा चहा घेत होते. कप हातात धरून ते त्या फुगवट्याकडे बघत राहिले. मग त्याला चीर पडली, आणि मंजुषानं हौसेनं निवडलेल्या निळ्या सोफ्यावर पांढऱ्या चिखलाचा ढीग येऊन बसला.

इमारतीचा वॉचमन झुबेर धावत आला. त्यानं वरचा नळ बंद करवला, विजेचं मुख्य बटण पाडलं, सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली आणि दारात येऊन म्हणाला, "हेम सर, इधर अब नहीं रह सकते. खलास."

हेमचंद्र सहासष्ट वर्षांचे होते. त्यांची एकतीस वर्षं फुजैराच्या बंदरावर तेलाच्या टाक्या मोजण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर नवरा-बायकोनं दुबईच्या एका टोकाला हा फ्लॅट घेतला, नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. करारावर सही करताना मंजुषा हसली होती. म्हणाली होती, यातली मी वीसएक वापरीन, उरलेली तुम्ही वापरा. प्रत्यक्षात तिनं चार वापरली. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. मुलगी इरा टोरांटोला होती आणि दर रविवारी फोन करत होती.

विम्याचे कागद मंजुषानंच लावून ठेवले होते. पट्ट्याच्या घराचा विमा दोन थरांचा असतो. भिंती, छत, जिने हे इमारतीच्या मालक कंपनीच्या विम्यात येतं. आतलं सामान आणि राहणाऱ्या माणसाची सोय ज्यानं त्यानं बघायची. मंजुषानं आपल्या पॉलिसीत एक जास्तीचं कलम घेतलं होतं: घर राहण्याजोगं उरलं नाही, तर पर्यायी निवास, जास्तीत जास्त साठ दिवस. त्यासाठी वर्षाला तीनशे दिरहम जास्त पडत होते. "म्हणजे जवळजवळ सात हजार रुपये," असं हेमचंद्र दर वर्षी मोठ्यानं म्हणत आणि दर वर्षी भरत. ती गेल्यावर तर त्यांनी ते कलम काढायचा विचारही केला नाही. अर्जावर त्यापुढची खूण तिच्या हातची होती.

सुजीतला कळलं तसा तो ऑफिसमधून परस्पर गाडी घेऊन आला. सुजीतचे वडील फुजैराला हेमचंद्रांचे शेजारी होते. तिथं मराठी घरं मोजून सात. संध्याकाळी टर्मिनलच्या क्वार्टर्सच्या ओट्यावर हेमचंद्र त्या सगळ्या घरांतल्या पोरांना गणित शिकवायचे, आणि सुजीत त्यातला सगळ्यात कंटाळा करणारा पोरगा होता. आता तोच चाळिशीचा होऊन एका लॉजिस्टिक्स कंपनीत मॅनेजर झाला होता. हॉटेलचं नाव काढताच तो म्हणाला, हॉटेल कसलं काका, घर काय परकं आहे का, यल्ला, चला. हेमचंद्रांनी एका बॅगेत कपडे, औषधं, मंजुषाची विम्याची फाइल आणि निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेली पितळी गोळ्याची मोजपट्टी घेतली. दोन दिवस राहू, असं ते मनाशी म्हणाले, आणि तेव्हा ते खरंच होतं.

सुजीतचं घर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर, एका बेडरूमचं. हॉलमधला उघडणारा सोफा हा नऊ वर्षांच्या वेदांगचा पलंग होता. तो हेमचंद्रांना मिळाला आणि वेदांग आईबापांच्या मध्ये झोपायला गेला. पहिले दोन दिवस सुजीतच्या बायकोनं, शुभ्रानं, पाहुण्याला ठेवावं तसं त्यांना ठेवलं. काचेच्या प्लेटा काढल्या, शिरा केला, रिमोट हातात दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीचा ईमेल आला. जैनब नावाच्या अधिकारी बाईंनी लिहिला होता आणि तो इतका सरळ होता की हेमचंद्रांनी दोनदा वाचला. दावा मंजूर. बर्शामधल्या एका हॉटेल अपार्टमेंटमध्ये एक बेडरूम आणि स्वयंपाकघर. भाडं कंपनी परस्पर भरेल. नुकसान झालं त्या तारखेपासून साठ दिवस किंवा घर दुरुस्त होईपर्यंत, जे आधी होईल ते. आजपासून कधीही जाऊ शकता.

ते मोबाइल हातात घेऊन डायनिंग टेबलाशी बसले होते. सुजीतला फोन करून सांगावं असं मनात चाललं होतं. तेवढ्यात कानात इअरफोन घातलेली शुभ्रा स्वयंपाकघरातून आली. ती घरूनच काम करत होती आणि पलीकडे कुणाची तरी मीटिंग चालू होती. तिनं एक हात "एक मिनिट" असा वर केला, दुसऱ्या हातानं मोठं ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि तशीच बोलत बोलत आत गेली. ताटात मेथीच्या दोन जुड्या होत्या.

तीन वर्षांत त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं. ओळखीची माणसं या म्हणत, बसा म्हणत, काय घेणार म्हणत. त्यांनी मोबाइल खिशात घातला. जुडीची दोरी सोडली. मुळाकडची माती झटकली आणि एकेक काडी घेऊन पानं खुडायला लागले. मंजुषा पानांबरोबर कोवळे देठ ठेवायची, तसे त्यांनी ठेवले. तासभर पुरेल अशा बेतानं हात हळूहळू चालवला.

संध्याकाळी बूट काढता काढता सुजीतनं विचारलं, काय म्हणतायत इन्शुरन्सवाले? हेमचंद्रांनी उत्तर आधी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि ऐकायला अगदी खरं वाटलं.

"लीजहोल्डची भानगड आहे रे. बिल्डिंगचा विमा वेगळा, माझा वेगळा. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत."

"मग बसा ना इथं आरामात," सुजीत म्हणाला. "त्यांना घाई नाही, आपल्यालाही नाही."

असे दिवस जायला लागले. सकाळी वेदांगला खाली स्कूल बसपर्यंत पोहोचवायचं, येताना दूध आणायचं. अकरा वाजता शुभ्रा काही ना काही पुढ्यात ठेवायची: लसूण, मटार, कोथिंबीर, कधी डाळिंब. काचेची प्लेट पुन्हा कपाटात गेली आणि त्यांना घरच्यांसारखं स्टीलचं ताट आलं. ताटावर सुजीतच्या आजीचं नाव कोरलेलं होतं. जेवताना ते ते नाव अंगठ्यानं चाचपत. रविवारी इराचा फोन आला की ते जिन्यात जाऊन बोलत. तिला त्यांनी सांगितलं होतं की हॉटेल छान आहे, सगळं आरामात आहे. कुणाकडे फार दिवस राहू नका, असं ती म्हणाली असती. आणि तिचं बरोबर असतं, म्हणून तर सांगायचं नव्हतं. आठवड्यातून एकदा जैनबचा फोन येई. सर, तुम्ही अजून गेला नाहीत, दिवस मोजले जातायत, असं ती काळजीनं सांगे. तिला ते म्हणत, इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात.

वेदांगला त्यांनी संध्याकाळी शिकवायला घेतलं. तो मराठी समजे, पण बोलायची वेळ आली की इंग्रजीत उत्तर देई, आणि गणिताचं पुस्तक उघडलं की त्याला लगेच तहान लागे. अगदी सुजीतच. हेमचंद्रांना घाई नव्हती. एक दिवस त्यांनी पुस्तक मिटलं आणि बॅगेतून मोजपट्टी काढली.

"आज टाकी मोजू," ते म्हणाले. "आधी टाकी भर."

छोट्या बादलीत वेदांगनं दोन बोटं पाणी ओतलं आणि त्यावर स्वयंपाकघरातली तेलाची अख्खी बाटली. वरून पाहिलं तर नुसतं पिवळं तेल. हेमचंद्रांनी पट्टीच्या टोकाच्या पितळी गोळ्याला एका जुन्या ट्यूबमधलं सोनेरी मलम फासलं आणि पट्टी वेदांगच्या हातात दिली. सरळ सोड, हिसका देऊ नकोस, तळाला टेकली की हाताला कळेल, थोडं थांब, आता वर घे. गोळा वर आला तेव्हा खालचा भाग लालभडक झाला होता आणि वरचा सोनेरीच राहिला होता.

"इट्स ब्लीडिंग," वेदांग हरखून म्हणाला.

"पाणी लागलं की ते लाल होतं. तेल लागलं तर काही होत नाही. विकणारा म्हणतो टाकीभर तेल आहे, पण पाणी नेहमी तळाला बसतं, वरून दिसत नाही. आता सांग, लाल किती आणि सोनेरी किती?"

मग अपूर्णांक आपोआप आले. बारातले पाच भाग पाणी, सात भाग तेल. वेदांगनं पट्टी पुन्हा पुन्हा सोडली आणि दर वेळी नवं गणित केलं. शुभ्रा बाहेर आली, तिनं रिकामी बाटली पाहिली आणि दोघांनाही सारखंच फैलावर घेतलं. तेल काय नळाला येतं का, आणि काका, तुम्ही तरी. हेमचंद्र मान खाली घालून उभे राहिले. त्या रात्री त्यांना फार चांगली झोप लागली.

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा असेल. बसची वाट बघत असताना वेदांग सहज म्हणाला, "आजी इज नॉट कमिंग नाऊ."

कोण आजी, असं त्यांनी विचारलं. मम्माची मम्मा, नाशिकची. ती वीस तारखेला येणार होती, मम्मानं तिकीट चेंज केलं, जानेवारी. का रे, असं विचारल्यावर वेदांगनं त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाला एवढंही कसं कळत नाही, असा त्याचा चेहरा झाला.

"बिकॉज यू डोन्ट हॅव अ होम."

बस आली, तो चढला, खिडकीतून हात हलवला. हेमचंद्र तिथल्या कठड्यावर बसले. शुभ्राचे वडील मार्चमध्ये गेल्याचं त्यांना माहीत होतं. तेव्हा ते स्वतःच फोन करून तिच्याशी चार शब्द बोलले होते. त्या बाई नाशिकला आता एकट्या होत्या, आणि त्यांची जागा म्हणजे हॉलमधला तो उघडणारा सोफा. रिकामं घर कसं असतं, कुकरची एकच शिट्टी कशी ऐकू येते, हे दुसऱ्या कुणाला समजावून सांगायची गरज पडली असती, त्यांना नव्हती. आज संध्याकाळी सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी वेदांगला सातव्या भागाचा अपूर्णांक समजत नव्हता. उद्या सांगू, असं म्हटलं. उद्या शुभ्रानं सोलायला वाल दिले, आणि वाल सोलत बसलेल्या माणसाला बॅग भरता येत नाही. आठवडा असाच गेला.

मग एका बुधवारी ते अंघोळ करून आले. चार्जिंगला लावलेला त्यांचा मोबाइल फ्रीजवर होता तिथंच होता. डायनिंग टेबलावर त्यांचा नाश्ता मांडलेला होता. काचेच्या प्लेटमध्ये. शेजारी कागदी रुमालाची घडी.

त्यांनी उपमा खाल्ला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. शुभ्रा ओट्याशी त्यांच्याकडे पाठ करून उभी होती आणि उभ्या उभ्याच मेथी निवडत होती. एकीकडे मीटिंग चालू, एकीकडे हात चालू.

"दे ना इकडे," ते म्हणाले.

"राहू द्या काका. तुम्ही बसा आरामात." आवाज गोड होता. पहिल्या दोन दिवसांत होता तितकाच गोड.

त्यांनी फ्रीजवरचा मोबाइल घेतला. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी जैनबचा फोन येऊन गेला होता. आणि तो उचलला गेला होता. दोन मिनिटं चौदा सेकंद. घरातल्या वडीलधाऱ्याचा फोन वाजतोय, ते अंघोळीला गेलेत, तर घरातली सून तो उचलणारच. त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. ती त्यांना घरचं समजत होती, म्हणून तर उचलला.

गुरुवारीही काचेची प्लेट आली. शुक्रवारी तिनं गुलाबजाम केले, वाटीत चार वाढले आणि अजून घ्या म्हणाली. कुणी एक अक्षर बोललं नाही. घरात शिक्षा झालेल्या मुलाला निदान शिक्षा काय ते कळतं. त्यांना नुसता पाहुणचार मिळत होता, आणि तो घासागणिक गिळवत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी सुजीत दूध आणायला निघाला, तेव्हा ते त्याच्याबरोबर गेले. इमारतींच्या मधल्या वाटेवर कडुनिंबाची झाडं होती, हवा छान झाली होती, मुलं सायकली फिरवत होती.

"सुजीत, विम्याचं पत्र तिसऱ्याच दिवशी आलं होतं."

सुजीत चार पावलं तसाच चालला. "माहितीये काका. शुभ्रानं फोन उचलला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"ती म्हणाली, थांब, ते सांगतील. रोज सकाळी म्हणते, आज सांगतील."

सुजीतनं वाटेतला एक चेंडू पायानं मुलांकडे ढकलला.

"आम्हाला नुसतं म्हणायचंत, की एकट्याला करमत नाही. आम्ही काय नाही म्हटलं असतं?"

"तेच म्हणता आलं नाही रे. छत पडलं, हे सांगायला सोपं होतं."

दुकानाच्या दाराशी आल्यावर सुजीत म्हणाला, "तिला पत्राचा राग नाहीये. आईला जानेवारीपर्यंत थांबवलं, त्याचा आहे. तिकडे आई रोज फोनवर विचारते, त्या बिचाऱ्या काकांचं घर झालं का." मग आत जाऊन त्यानं नेहमीपेक्षा एक लिटर दूध कमी घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते बर्शाला गेले. मोजपट्टी आणि मलमाची ट्यूब त्यांनी वेदांगकडेच ठेवली. निघताना शुभ्राला त्यांनी सांगितलं की त्यांच्या हातून चूक झाली, आणि आईंना आता लगेच बोलाव. ती हो म्हणाली. तिनं डब्यात पोळ्या आणि चटणी बांधून दिली, आणि वाकून नमस्कार केला. परक्या घरच्या मोठ्या माणसाला करतात तसा.

हॉटेल अपार्टमेंट सातव्या मजल्यावर होतं. सगळं बिस्किटी रंगाचं, स्वच्छ, थंड. स्वयंपाकघरातल्या खणात दोन चमचे, दोन काटे, दोन प्लेटा आणि दोन पेले होते. साठांतले तेवीस दिवस उरले होते. मंजुषानं खूण केलेलं ते कलम शेवटी असं दिसत होतं. ते पलंगाच्या एका कडेला बसले. दुसऱ्या बाजूची उशी रोज सकाळी सफाईवाला झटकून नीट ठेवे, आणि ती रोज तशीच असे. दिवसभरात बोलायला एक तो आणि एक खालचा रिसेप्शनिस्ट. "एव्हरीथिंग ओके, सर?" दोघंही हेच विचारत. रविवारी इराला त्यांनी सांगितलं की हॉटेल छान आहे, सगळं आरामात आहे. आता ते खरं होतं. शब्द मात्र तेच होते.

मधे एकदा झुबेरनं त्यांच्या घराचा फोटो पाठवला. नवं छत लागलं होतं, रंग व्हायचा होता. निळा सोफा कुणीतरी जिन्याखाली नेऊन ठेवला होता.

दुसऱ्या शनिवारी ते पाय मोकळे करायला बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानात शिरले. घेण्यासारखं काही नव्हतं. हॉटेलच्या शेगडीवर फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजतो, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी बाहेर आले तेव्हा हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. खोलीवर येऊन त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि निवडायला बसले. या वेळी घाई केली. बसले तेव्हा ती निवडून झाल्यावर करायचं काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, निवडता निवडता ते कळलं.

मेट्रोनं ते डिस्कव्हरी गार्डन्सला उतरले. तिसऱ्या मजल्यावर दारापाशी चपलांचा एक नवा, जुन्या वळणाचा जोड होता. बेल वाजवण्याआधी त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

दार वेदांगनं उघडलं. "हेमआजोबा," असं तो आत ओरडला आणि मराठीत पुढं म्हणाला, "आजीला मी टाकी शिकवली. तिला लाल आलं." सोफ्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, झालं का तुमचं घर? होत आलंय, असं हेमचंद्र म्हणाले. रंग राहिलाय.

शुभ्रा हात पुसत बाहेर आली. त्यांना बघून थांबली. त्यांनी पिशवी पुढे केली, आणि काय बोलायचं हे मेट्रोत ठरवलेलं सगळं विसरून नुसतं म्हणाले, "मेथी आहे. निवडलेली."

तिनं पिशवीत हात घातला, मूठभर पानं वर काढली, उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहिलं. तिच्या आई पाहत होत्या, वेदांग पाहत होता.

"देठ किती जाडे ठेवलेत काका," ती म्हणाली. "हे कोण खाणार?"

ते दारातच उभे होते. चपला अजून पायात होत्या. ती वळली, स्वयंपाकघरात गेली, आणि मोठं ताट डायनिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. नेहमीसारखा, जरासा जोरातच.

हेमचंद्रांनी चपला काढल्या आणि त्या जुन्या वळणाच्या जोडाशेजारी लावून ठेवल्या. टेबलाशी जाऊन बसले, चष्मा पुसला आणि पहिल्या काडीपासून पुन्हा निवडायला घेतलं.